एक बुजवलेलं भोक

बाबा,

कपाट आवरताना तुमचं ते कार्ड पुन्हा हातात आलं आणि पुन्हा चीड आली. इतकी वर्षं झाली तरी येते. तुमच्यासमोर आवाज चढवून बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती, आणि मला ते जमलंही नसतं. म्हणून आता लिहिते.

लोक शुभेच्छापत्रं दुकानातून आणतात, किंवा फार तर कागदावर फूल काढून रंगवतात. तुम्ही भोकं पाडायचात. भिवंडीत नक्षीच्या कापडासाठी जॅकार्डची कार्डं पंच करणं हे तुमचं काम. लांबट पुठ्ठ्यावर जिथे भोक, तिथे लूमवर धागा उचलला जाणार, एवढंच मला त्यातलं कळायचं. उरलेले पुठ्ठे घरी आणून तुम्ही त्यांचा गठ्ठा पलंगाखाली ठेवायचात आणि वाढदिवस, लग्न, दिवाळी असं काही आलं की एक पुठ्ठा कामावर नेऊन त्यावर नातेवाइकांचं नाव पाडून आणायचात. रंग नाही, शाई नाही, एक ओळ लिहिलेली नाही. कार्ड उजेडासमोर धरलं तरच नाव दिसणार. तेही तुटक, कारण शिरोरेषेची भोकं सलग पाडली तर पुठ्ठा तिथेच फाटतो, म्हणून तुम्ही मध्ये मध्ये जागा सोडायचात.

आणि हे सगळं घरोघरी जाऊन समजावून सांगायचं काम माझं. खारबावची आत्या दर दिवाळीला कार्ड उलटंपालटं करायची आणि म्हणायची, "यात तं कायच लिवलेलं न्हाय गं." मी म्हणायची, "आत्या, खिडकीकडे धर." ती धरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "हां, दिसला. माझा नाव हाय. पन माझा नाव मला म्हाईतच हाय ना." काल्हेरच्या काकांनी गोदामं भाड्याने दिली, हातात पैसा आला, तसं त्यांच्याकडे उघडलं की गाणं वाजणारी कार्डं येऊ लागली. तुमचं कार्ड मला त्यांच्या जेवणाच्या टेबलाखाली सापडलं, चार घड्या घालून हलणाऱ्या पायाखाली सरकवलेलं. काका मला कौतुकाने म्हणाले, "दादाचा पुठ्ठा मजबूत असतो हां." मी घरी येऊन तुम्हाला हे मुद्दाम सांगितलं, निदान आता तरी तुम्ही थांबाल म्हणून. तुम्ही विचारलंत, "टेबल हलतंय का आता?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणालात आणि जेवायला बसलात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आठवीतली ती दुपार मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले आहे. बाहेर लूमची खडखड चालू आहे, तुमच्या खोलीत दार लावलं की ती जरा कमी होते. तुम्ही आत्याचं कार्ड मशीनमध्ये लावून मला स्टुलावर बसवता. बोटांनी बटणं दाबायची आणि पायाने पट्टी मारायची. तुम्ही मागे उभे राहून आलेखाच्या कागदावरून सांगता, "दोन, पाच, सहा." मला फार मोठं काही करत असल्यासारखं वाटतं. अर्धं नाव पाडून होतं आणि माझं एक बोट घसरतं. एक भोक जास्त पडतं. मी लगेच म्हणते, चिकटवून टाकू या. कारण तुम्ही कामावर तेच करता, मी बघितलेलं असतं. चुकलेल्या भोकावर कागदाची गोल टिकली लावायची, की झालं. तुम्ही कार्ड काढता, एकदा उजेडात धरता आणि दोन तुकडे करून टोपलीत टाकता. "कामावरचं चिकटवलं तर चालतं, ते मालकाचं हाय. हे घरचं हाय. घरच्याला चिकटवून द्यायचं न्हाय." मग नवीन पुठ्ठा लावता आणि पहिल्यापासून स्वतः पाडता. मला परत स्टुलावर बसवत नाही. डब्यातली भाकरी तशीच गार होते.

बाबा, हा नियम तुमचा होता. मी केलेला नव्हता.

माझ्या लग्नाच्या दोन दिवस आधी तुम्ही मला माझं कार्ड दिलंत. घरात पाहुणे होते, म्हणून मी ते आतल्या खोलीत नेऊन खिडकीशी धरलं. माझं घरातलं नाव, तुम्ही हाक मारायचात ते, तसंच तुटक शिरोरेषेचं. आणि शेवटच्या अक्षराशेजारी एक काळपट ठिपका. कागदाची टिकली. तुम्ही दारातच उभे होतात. मी म्हटलं, "चिकटवलंय." तुम्ही म्हणालात, "हो. असू दे." आणि मांडववाल्याशी बोलायला निघून गेलात.

आत्याचं कार्ड फाडून नवीन केलंत. काकांचं, जे टेबलाखाली गेलं, तेही कोरं करकरीत. आणि माझ्याच वेळेला टिकली? मी सरळ अर्थ लावला. परवापासून ही दुसऱ्यांची, म्हणजे आता मालकाचं काम, चिकटवलं तरी चालतं. तो अर्थ घेऊन मी सासरी गेले. सणाला यायची तेव्हा तुमच्या पाया पडायची, चहा द्यायची, तब्येत विचारायची आणि परत जायची. तुम्हाला वाटलं असेल, लेक संसारात रमली.

तुमच्या बाराव्याला तुमच्या खोलीत कार्डं दोरीने ओवायला बसणारे चाचा आले होते. पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ बसले आणि स्वतःच म्हणाले, "बेटा, तेरी शादी के टाइम कार्ड के लिए बहुत परेशान हुए थे. मशीन तो सेठ ने भंगार में दे दी थी, सब कंप्यूटर पे आ गया था. घर में सुआ-हथौड़ी लेके बैठे, एक-एक छेद हाथ से किया. एक गलत हो गया तो मेरे पास आए, पुट्ठा है क्या. मैं कहाँ से लाता? वो आखरी था."

मशीन गेल्याचं मला माहीत होतं. तुम्हाला कापड तपासायला बसवलंय, हेही माहीत होतं. पण तुम्ही घरी दाभण-हातोडी घेऊन बसला असाल, पलंगाखालचा गठ्ठा संपला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तुम्ही सांगितलं नाही. "पुठ्ठा संपला." दोन शब्द, बाबा. आमटीत मीठ कमी असलं तर तुम्ही सांगायचात, पंख्याचा आवाज येतो हे रोज सांगायचात. हे दोन शब्द सांगायला काय झालं होतं? मी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण नियम तुम्ही घातला होता, तर तो का मोडला हे सांगायचं कामही तुमचंच होतं. यावर मी अजून ठाम आहे.

हे पत्र त्या कार्डाच्याच पाकिटात राहील. त्याआधी एक गोष्ट केली ती सांगते. मघाशी मी कार्ड खिडकीशी धरलं आणि नखाने ती टिकली काढली. चुकलेल्या भोकातून उजेड आला. नाव तसंच वाचता येत होतं, एक ठिपका जास्त, एवढंच. पण ते उघडं भोक मला बघवेना. टिकली फरशीवर पडली होती, ती शोधली, डिंक लावला आणि परत बसवली. जरा वाकडी बसली आहे.