देवीदासांची एक्केचाळीस पानं

मी, विजया देवीदास घाटोडे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सौंसर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मनाचं सांगता येत नाही.

कलम १. सौंसरचं घर मुलगी हिमानी आणि मुलगा सौरभ यांना निम्मं निम्मं. रामाकोन्याची संत्र्याची बाग सौरभला. यजमानांची तशी इच्छा होती.

कलम २. ओसरीवरची आरामखुर्ची दीर वामनराव यांना. यजमानांच्या तेराव्याला ते तिच्यात बसून म्हणाले होते, "वाचा गेली होती, सुटला बिचारा." यजमान रोज बोलत होते. भाऊजींनी खुर्चीत बसून यावर विचार करावा.

कलम ३. टॅबलेटबाबत आधी कबुली.

आठ वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगवायू झाला. सौरभला पुण्याच्या नव्या नोकरीत रजा मिळेना. बाबांना लिहून बोलता यावं म्हणून त्याने टॅबलेट पाठवला. मी फोनवर म्हणाले, "माणूस हवा होता, तू यंत्र पाठवलंस. आता येऊच नको." तो आला नाही.

यजमान त्यावर डाव्या हाताच्या बोटाने लिहीत. 'चहा.' 'खिडकी उघड.' आणि सौरभला, 'झाडाले फुलं लागून राहिले. येऊन पाहून जाय. तुया मायले मी समजावतो.' पाठवायचं त्यांना जमत नसे. टॅबलेट माझ्याकडे सरकवत. मी "पाठवलं" म्हणे. एकही पान पाठवलं नाही. आधी त्याने यावं, हा माझा हट्ट. ते फाटकाकडे तोंड करून बसत. चार वर्षं बसले.

तेराव्याला सौरभ हिमानीला म्हणाला, "बाबांनी मला एक ओळ लिहिली नाही." मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

तेव्हापासून रोज मीच ती पानं उघडत असे. त्यांचं वाकडं 'ळ' बघत असे. बॅटरी वीस मिनिटं टिकायची, तेवढाच आमचा संसार. गेल्या महिन्यात काच एका बाजूने वर आली. मी पांढुर्ण्याला गौतमच्या दुकानात गेले.

"काकू, बॅटरी फुगून राहिली. चार्जिंगले लावू नका, पेट घेईन. चार-पाच वर्षांतच थकते हे. अपडेटही कधीचे बंद झाले. आता बदलाच."

"आतली पानं?"

"आजच काढून घेतो. उद्या चालू होईन का नाही, सांगता येत नाही."

एक्केचाळीस पानं निघाली. ती नव्या टॅबलेटमध्ये घालून तो पिशवीत टाकला, जुना त्याच्याकडेच ठेवून आले. परत येताना बसमध्ये मांडी रिकामी वाटली.

कलम ४. नवा टॅबलेट हिमानीच्या मुलीला. चार-पाच वर्षं वापरावा. काच उचलली की त्याच दिवशी बदलावा, पण आधी आतलं ज्याचं त्याला पोचवावं.

कलम ५. ~~एक्केचाळीस पानं माझ्या मृत्यूनंतर सौरभला द्यावीत.~~

हे कलम मीच खोडलं आहे. शेजारी माझी सही आहे. लिहिताना लाज वाटली. त्याने अजून किती थांबायचं? आज दुपारी गौतमने घरी येऊन पानं सौरभला पाठवून दिली. खाली मी एक ओळ जोडली: 'मी अडवली होती.'

तासाभराने फोन आला. सौरभ म्हणाला, "आई, का केलं, हे मले समोर बसून सांग."

"ये," मी म्हणाले.

"निघून राहिलो."

विजया देवीदास घाटोडे

आमच्यादेखत सही केली:
१. गौतम डिगरसे, पांढुर्णा
२. सुधा मोरेश्वर कामडी, शेजारीण, सौंसर

सौंसर, १९ फेब्रुवारी २०२५