टाकी कुणी पाडली

३ फेब्रु., मंगळ.
ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाचं प्रोजेक्ट ठरलं. जोडीला रेहाना, वसमतची. आमच्याकडच्या गोरेगावची जुनी पाण्याची टाकी कॉम्प्युटरवर पाडायची, बारा सेकंदांचा शॉट. तोडफोडीची दोन सॉफ्टवेअरं वापरून पाहा, कोणतं घेतलं ते कारणांसकट लिहा, असं सर म्हणाले. मी महागडं म्हणाले, पुण्यात नोकरीला तेच विचारतात. ट्रायल महिनाभर मिळते. रेहाना फुकटचं म्हणाली. मी हसले, तेही चारचौघांत.

६ फेब्रु.
महागडं माझ्या लॅपटॉपवर उघडतं, टाकी फोडायला घेतली की अडकतं. चारदा बंद पडलं. एकही चाचणी पूर्ण न्हाई. सरांनी विचारलं तर सांगून बसले, दोन्ही करून पाहिली.

९ फेब्रु.
रेहानाची चाचणी पाहिली, फुकटच्यावर केलेली. आधी तिची टाकी सुतळी बॉम्बसारखी फुटायची. तिचे अब्बा मिस्त्री आहेत. त्यांनी पाहिलं अन् म्हणाले, "टाकी हवेत फुटत न्हाई बेटा. आधी एक पाय बसतो, मग ती कलते. फुटते ती जमिनीला लागल्यावर." तिनं तसंच केलं. इतकं खरं, की मी तीनदा लावून पाहिलं.
लिहायचं काम माझ्याकडे. फाइल तिनं विश्वासानं दिली.

११ फेब्रु., बुध.
रेहाना आली न्हाई, ताप. मी एकटीनं दाखवलं. सर म्हणाले, चाचणी कुणाची? माझी, मी म्हणाले. हजेरी द्यावी तसं. टाकी अशी कलते हे कुठून सुचलं? निरीक्षणातून, सर.
नांदेडच्या स्टुडिओत महिनाभर शिकायला एकच जागा आहे. सरांनी माझं नाव दिलं, वर्गाच्या ग्रुपवर टाकलंही. आईनं शेजारी पेढे वाटले. मी एकही खाल्ला न्हाई.

१४ फेब्रु., शनि.
वसमतला गेले. अब्बांनी स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, "दोघींपैकी एकीला मिळालं, म्हणजे घरातच आलं." मान वर करता आली न्हाई. रेहाना स्टँडपर्यंत सोडायला आली, तेव्हा सगळं सांगितलं.
"मला माहीत होतं," म्हणाली. "पण मला काहून सांगून राहिलीस? खोटं तर सरांपुढं बोललीस ना."
बस लागली. मी चढले.

१६ फेब्रु., सोम.
तास सुरू व्हायच्या आत उभी राहिले. म्हणाले, सर, ती चाचणी रेहानाची. मी काहीच केलं न्हाई, दुसरं सॉफ्टवेअर चाललंसुद्धा न्हाई. मागं कुणीतरी हसलं. सर म्हणाले, बस, नंतर दोघी या.
नंतर सर म्हणाले, नाव पाठवून झालंय, बदलता येईल का विचारतो. प्रोजेक्ट सोबत करणार का, असंही विचारलं, रेहानाकडं बघून.
ती म्हणाली, विचार करून सांगते.
नांदेडचा विचार का माझा, हे विचारायची हिंमत न्हाई झाली.