रविकांतची पुस्तकं

अश्लेषा,

कौमुदी जन्मली त्या वर्षी मी जपानला आले आणि तिला मांडीवर घेऊन रविकांतकडून अक्षरं शिकले. तेव्हापासून दर ईस्टरला घरातल्या प्रत्येकासाठी पुस्तक तोच निवडायचा. "आई, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नास दिवसांत संपलं पाहिजे, नुसती चित्रं बघायची नाहीत," असं वर चिडवायचा.

आज जुन्या कागदांची गाडी येणार म्हणून तू त्याची पुस्तकं दोरीने बांधून ठेवलीस. ती तुला डोळ्यांसमोर नको आहेत, हे मला समजतं. मी त्यातली तीन काढून घेतली. तुझ्यासाठी रहस्यकथा आहे, रडवणारी नाही. कौमुदीला पक्ष्यांचं. मी त्याचं ऑफिसचं इंग्रजी पुस्तक घेतलं. मला त्यातलं काही कळणार नाही, पण कडेला त्याने मराठीत लिहिलंय, तेवढं वाचीन. बाकीचा गठ्ठा मीच खाली ठेवून आले.

पोरीने तो पाहिला. म्हणाली, "आजी, बाबा नागोयाहून आले की काय वाचणार?" कामाला गेलेत असं तू तिला सांगितलंस तेव्हा मीही मान डोलावली होती. आता माझ्याने होत नाही. आज तिला शाळेत पाठवलं नाही. आम्ही पाण्याकाठच्या बागेत बसतो. तू उठलीस की ये, म्हणजे तूच सांग. नाही आलीस तर मी सांगेन. चहा झाकून ठेवलाय.

सांगायचं एवढंच आहे, की तिचे बाबा रविकांत यंदा भस्म बुधवारच्या आदल्या दिवशी, पाच मार्चला, इस्पितळात वारले.

आई