माझी शवपेटी उद्यानातूनच न्यावी

मी डॅमरिस क्विल्टर, गाड्यांची चाके बनवणारे कै. गिडियन क्विल्टर यांची विधवा, राहणार ऑसिंगबी, लिंकनशायर. छाती कफाने भरली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. वकिलांचे कारकून नॅथन पिकरिंग लिहून घेत आहेत. माझे मधले बोलणे गाळू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

राहते घर व भांडीकुंडी भाची रूथ हिला. गिडियनची हत्यारे शेजारचे सुतार जॉब टिमन्स यांना, रंधा सोडून. रंधा त्यांनी पूर्वीच नेला आहे.

आता लॉर्ड ऑसवर्थ आणि आमचे धर्मगुरू डॉक्टर फेनिमोर यांच्याविषयी. मी उमेदीची वर्षे पहिल्यांच्या हवेलीत राबले, नंतरची दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. दोघे एकाच शाळेतले. लॉर्डसाहेबांना निवडणूक आली की गावातल्या प्रत्येकाचे नाव आठवते. डॉक्टरसाहेब हिब्रू कोश लिहितात आणि मला आधीच्या स्वयंपाकिणीच्या नावाने हाक मारतात, पण गिडियन अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या उशाशी तेच बसले होते. चर्चमध्ये लॉर्डसाहेबांच्या खासगी बाकापाशी शेकोटी आहे. प्रवचन लांबले की ते निखारे ढवळतात. तो आवाज ऐकला की डॉक्टरसाहेब आणखी एक मुद्दा काढतात. बाकीचे आम्ही गारठत बसतो.

लॉर्डसाहेबांनी हवेलीभोवतीच्या उद्यानाला भिंत घातली आणि चर्चला जाणारी आमची वाट बंद झाली. डॉक्टरसाहेबांनी लॅटिनमध्ये निषेध लिहिला, तो कोणी वाचला नाही. गिडियनची पेटी दलदलीतून न्यावी लागली. खांदेकऱ्यांचा पाय घसरला आणि माझा माणूस चिखलात पडला. याबद्दल मी दोघांपैकी कोणालाही माफ केलेले नाही.

ज्या वाटेने प्रेत जाते ती सर्वांना कायमची मोकळी होते, असे आमच्या गावात मानतात. म्हणून माझी पेटी उद्यानातूनच न्यावी. फाटक लॉर्डसाहेबांनी स्वतः उघडावे आणि पुढे डॉक्टरसाहेबांनी प्रार्थना म्हणत चालावे. तसे झाल्यास फाटकासमोरची माझी सफरचंदाची बाग लॉर्डसाहेबांना. बग्गीचा रस्ता सरळ करायला त्यांना ती केव्हाची हवी आहे. डॉक्टरसाहेबांना गिडियनची कोरडी कार्यशाळा, कारण त्यांच्या पुस्तकांवर छप्पर गळते. एकानेही नकार दिला तर दोन्ही मेथडिस्ट पंथाच्या मंडळींना, जी या दोघांनाही खपत नाहीत. ते तिथे प्रार्थनाघर बांधतील आणि मोठ्याने गातील.

दोघांना बोलावून हे मी पिकरिंग यांच्याकडून त्यांना वाचून दाखवले.

लॉर्डसाहेब म्हणाले, "डॅमरिस, प्रेत गेलं म्हणून वाट मोकळी होते असा कायदाच नाही."

"आयुष्यात पहिल्यांदा हे बरोबर बोलले," डॉक्टरसाहेब म्हणाले. "ही भाबडी समजूत आहे. मी पेटीपुढे चालणार नाही."

मी म्हटले, "कायदा नाही हे तुम्हा दोघांना ठाऊक. गावाला कुठं ठाऊक आहे? एकदा माझी पेटी गेली की अख्खं गाव तिथून चालायला लागेल. कुणाकुणाला अडवाल?"

लॉर्डसाहेबांनी विचारले, "गिडियन खरंच चिखलात पडला? मी लंडनला होतो. मला कुणी सांगितलं नाही."

"बंद फाटकाला सांगायचं होतं का?"

 डॉक्टरसाहेब खाली बघू लागले. निषेधाचा कागद लिहिला, पण फाटकाशी न अडता पेटीबरोबर तेही दलदलीतूनच चालले होते. मग लॉर्डसाहेबांनी साक्षीदार म्हणून सही करायला लेखणी मागितली. पिकरिंग गडबडले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, बाग हातची जाईल, असे त्यांनी अदबीने सांगितले.

"ठाऊक आहे. तो कायदा झाला तेव्हा मी संसदेच्या सभागृहात बसलो होतो. फाटक उघडायला मला बाग नको."

डॉक्टरसाहेब उठले. "यांच्यानंतर लेखणी माझ्याकडे द्या. पेटीपुढे मी चालेन. पुस्तकं भिजली तर भिजली."

मला रडू आले, तेही इथे लिहावे. म्हणून शेवटचे कलम असे: बाग व कार्यशाळा दोन्ही ऑसिंगबी गावाला. मेथडिस्टांनी मला क्षमा करावी.

मुक्काम ऑसिंगबी, १४ ऑक्टोबर १७६८.

डॅमरिस क्विल्टर, हिच्या हातची फुली.

आमच्या समक्ष:
ऑसवर्थ
ॲम्ब्रोज फेनिमोर
नॅथन पिकरिंग, कारकून