हेडविगची दोन पेडलांची गाडी

मी, आल्ब्रेख्ट क्नोडलर, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त लॅटिन शिक्षक, राहणार एस्लिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे; फेब्रुवारीत पत्नी हेडविग गेल्यापासून झोप तेवढी शाबूत नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगी रेनाटे व मुलगा योआखिम यांना समसमान मिळाव्यात. इमारतीचा सामाईक जिना झाडण्याची पाळी कोणी चुकवू नये. हेडविगने चाळीस वर्षांत एकदाही चुकवली नाही.

२. लॅटिन शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयास द्यावेत. विद्यमान मुख्याध्यापक ते उघडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

३. सन १९६९ ची लाल पोर्शे. बालपणीच्या पोलिओमुळे हेडविगच्या डाव्या पायात जोर नव्हता. आराखडे काढण्याच्या नोकरीच्या पगारातून तिने ही गाडी स्वतः घेतली. हिला डाव्या पायाने दाबायचे क्लचचे पेडल नाही. गिअरच्या दांड्याला हात लागताच क्लच आपोआप सुटतो व इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून दांड्यावर हात विसावू नये. मेहुणे ऑयगेन राप यांनी १९७४ साली गाइसलिंगेनच्या चढावर गाडी चालवताना हात तिथे विसावू दिला. इंजिन गर्जत राहिले, गाडी थबकली, मागचा दुधाचा टँकर भोंगा वाजवू लागला.

"दादा, हात मांडीवर ठेव," हेडविग म्हणाली. "गाडीला वाटतंय, तुला गिअर बदलायचाय."

त्या संध्याकाळी जेवताना ऑयगेन सर्वांसमक्ष म्हणाले, "लंगड्यांची गाडी आहे ही." त्याचे तेव्हा न दिलेले उत्तर आज लेखी देतो: पुढच्याच जुलैत हेडविगने याच गाडीने इटलीतील आल्प्सच्या स्टेल्व्हिओ घाटाची अठ्ठेचाळीस वळणे चढून पार केली. शेजारी नकाशा धरून मी बसलो होतो. इतका ताठ मी पदवीदान समारंभातही बसलो नव्हतो. हे कलम वाचून ऑयगेन यांनी साक्षीदार होण्यास संमती दिली आहे.

४. हेडविगच्या दफनविधीनंतर योआखिम म्हणाला, "बाबा, गाडी मला द्या. क्लचचं पेडल बसवून घेतो, म्हणजे खरी स्पोर्ट्स कार होईल."

"आजवर खोटी होती?"

"आईपुरती ठीक होती हो."

सबब, गाडी योआखिमलाच मिळावी. अट एकच: एप्रिल ते ऑक्टोबर असा एक पूर्ण हंगाम त्याने ती आहे तशी चालवावी व स्टेल्व्हिओ चढून यावे. त्यानंतरही तिसरे पेडल हवेसे वाटल्यास त्याने खुशाल बसवावे. रेनाटेने हरकत घेऊ नये. हेडविगच्या गाडीला माझ्या मनाईहुकमाची गरज पडेल, असे मला वाटत नाही.

आमच्या कायद्याने साक्षीदार आवश्यक नाहीत. मला ते हवे आहेत.

(सही) डॉ. आल्ब्रेख्ट क्नोडलर

साक्षीदार:
१. ऑयगेन राप, मेहुणे
२. गेरलिंडे माउथे, शेजारीण

एस्लिंगेन, दि. ११ नोव्हेंबर २०१९