छावणीतला पहिला बैल

११ मार्च
दुष्काळाची चारा छावणी सुरू झाली, आपल्या दूध सोसायटीच्या माळावर. रिवाजाप्रमाणे चेअरमनची, म्हणजे माझी, बैलजोडी सगळ्यात आधी आत. बायकोने, मंदाने, बैलांना हळदकुंकू लावलं, त्यातल्या सर्जाने हौदातलं पहिलं पाणी प्यायलं, टाळ्या झाल्या. जनावरांचे डॉक्टर तेवढे तोंड पाडून उभे. "साहेब, जोडी परवाच तुमच्या सासुरवाडीहून आली. बाहेरून आलेलं जनावर आठ दिवस बाजूला बांधा म्हटलं होतं." मी म्हटलं, स्वतःचे बैल बाहेर ठेवून लोकांना कोणत्या तोंडाने आत बोलावू? लोक हसले. मीही हसलो.

१३ मार्च
आष्टीकडचा धोंडिबा आला. गाई राखून पोट भरणारा माणूस. सहा गाई, एक वासरू, चालत आलेला. व्हा. चेअरमन बापूराव आडवे आले: "आपल्याच जनावराला चारापाणी पुरंना, बाहेरचं कशापायी घ्यायचं?" धोंडिबाचं मतदान काही आपल्या भागात नाही. तरी घेतला. मोठेपणा करायची खोड जुनीच. माझ्या जोडीशेजारीच दावण दिली.

१७ मार्च
सर्जा कडबा तोंडात घेतो आणि टाकून देतो. तोंडाला लाळेची तार. जीभ ओढून पाहिली, फोड आलेत. खुरांच्या बेचक्यात लाल.
खुरकूत. एकाचा सगळ्यांना लागणारा. लहानपणी याच रोगाने आमचा अख्खा गोठा बसलेला पाहिलाय.
डॉक्टरांना सांगावं तर छावणीला कुलूप. एवढी जनावरं घरी जाऊन पिणार काय? गावातल्या विहिरी कोरड्या. आणि पुढच्या महिन्यात दूध संघाची निवडणूक, माझा फॉर्म भरलेला. हे दुसरं कारण खाली लिहिलं, पण मनात आधी तेच आलं.
काटा लागला म्हणून सांगितलं आणि जोडी शेतावर हलवली. धोंडिबा बघत होता.

१८ मार्च
तुरटीच्या पाण्याने सर्जाचं तोंड धुतलं. मंदा भांडं धरून उभी.
"डाक्टरला सांगा."
"सांगतो."
"कवा?"
छावणीत गेलो. सगळी जनावरं त्याच हौदात तोंड घालतात. तिकडे बघवत नाही. हौद रिकामा करून चुन्याने धुवायला सांगितला. बापूराव म्हणाले, "टँकर तीन दिसाला एक येतो, अन् तुमी पाणी सांडता?" हौद तसाच राहिला.

२१ मार्च
बापूरावांची म्हैस लंगडते. संध्याकाळपर्यंत आणखी चार जनावरं. जेवण गेलं नाही. कुणी नुसतं "चेअरमन" म्हणून हाक मारली तरी वाट बदलतो.

२३ मार्च
धोंडिबाचं वासरू मेलं. आईला पीत होतं, पिता पिता बसलं आणि गेलं. गाय अजून चाटतेय.
सगळे जमले. बापूराव म्हणाले, "ह्यो रोग ह्यानंच आणला. बाहेरचं जनावर घेऊ नका म्हणलं होतं." माना हलल्या. माझ्याकडे पाहिलं सगळ्यांनी. मी म्हणालो, "बघू."
वीस वर्षांच्या पुढारपणात हा एक शब्द चांगला शिकलोय. लाज वाटली.

२४ मार्च
डॉक्टर आले. लागण झालेली जनावरं वेगळी बांधायला लावली. छावणी बंद केली नाही. म्हणाले, आता बंद केली तर रोग गावोगाव जाईल. म्हणजे ज्या कुलपाला भिऊन मी गप्प बसलो ते लागणारच नव्हतं.
जाताना विचारलं, "तुमची जोडी कुठंय?"
"शेतावर. काटा लागलाय."
"कोणत्या पायाला?"
"मागच्या." कोणता पाय सांगितला होता तेच आठवेना.

२५ मार्च
उद्या सकाळी पारावर बैठक. धोंडिबाला गाईंसकट काढायचा ठराव. बापूरावांनी लिहूनच आणलाय, खाली माझ्या सहीला जागा. लंगड्या गाई घेऊन तो जाणार कुठं? वाटेत ना चारा ना पाणी. दोन दिवसांत बसतील सगळ्या. हे मला कळतं. सही केली नाही. नाहीही म्हणालो नाही.

२६ मार्च, सकाळ
धोंडिबा घरी आला होता. ओट्यावर बसला. मंदाने चहा दिला.
म्हणाला, "सर्जाची लाळ म्या जोडी हलवली त्याच दिशी बघितलती."
मी विचारलं, "मग बोलला का न्हाईस?"
"तुमी मला आत घेतलं. म्हणलं, मोठा माणूस हाय, आपल्या तोंडानं सांगंल."
"आज बैठकीत सांगणार?"
"माजं कोन ऐकतंय? सांगायचं ते तुमीच सांगा." चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गेला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
पारावरचा भोंगा सुरू झालाय, चेअरमनसाहेबांनी लवकर यावं. ठराव खिशात आहे. काय बोलायचं ते अजून ठरत नाही. खरं सांगितलं तर लोक काय करतील, आणि नाही सांगितलं तर...

मंदा लुगडं बदलून दारात उभी आहे. म्हणते, "चला, मीबी येते." लग्न झाल्यापासून ती माझ्या एकाही बैठकीला आलेली नाही.