पूजेत राहिलेला सेन्सर

मी, अंबाजीराव संताजीराव इंगळे, वय बहात्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार बोगादी, म्हैसूर, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. शुगर आहे, उजवा कान गेला आहे, पण इंजिन कोणत्या सिलिंडरवर अडखळते ते अजून डाव्या कानाने सांगतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी एकच होती, माझी पत्नी भागीरथीबाई, ती चार वर्षांपूर्वी गेली. मी २०१९ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त जे लिहायला हवे होते ते नव्हते.

कलम एक. बोगादीचे घर स्वकष्टार्जित आहे. ते माझी सून चंदना हिला, पूर्ण मालकीने. माझा मुलगा शरत नऊ वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्यानंतर शाळेतली नोकरी सांभाळून तिनेच घर चालवले आणि भागीरथीबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सगळे केले. उद्या तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच. भाऊबंदांपैकी कोणाला नाक मुरडायचे असेल तर त्याने ते आपल्या घरी बसून मुरडावे.

कलम दोन. बँकेतली ठेव चंदना आणि नात प्रार्थना यांना निम्मी निम्मी. यावर जास्त सांगण्यासारखे काही नाही.

कलम तीन. नजरबादच्या गॅरेजातली जुन्या कार्बोरेटरांची पेटी शेजारचे मेस्त्री खंडोजीराव यांना. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा, आता कॉम्प्युटरच सगळे करतो, मेस्त्रीला कोण विचारतो, असे ते माझ्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. पुढे त्यांची स्वतःची गाडी धापा टाकू लागली आणि ते माझ्या दारात आले. इंजेक्टर चोंदला होता. मी तो साफ करून दिला आणि टोमणा मारला नाही. तो आज मारला. पेट्रोलचा दाब मोजायचा माझा गेज त्यांच्याकडे पडून आहे, तो त्यांनी प्रार्थनाला द्यावा.

कलम चार. माझे पणजोबा म्हैसूर संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार प्रार्थनाला. खंडेनवमीला ही तलवार मधे आणि भोवती माझे पाने, पक्कडी, स्क्रूड्रायव्हर मांडून आमच्याकडे पूजा होते. पूजेला लावलेले हत्यार त्या दिवशी उचलायचे नाही, उचलले तर घरातला माणूस जातो, असे वडील सांगत. तलवार तिने ठेवावी, ती समजूत ठेवू नये. कारण पुढे येईल.

कलम पाच. शरतची लांब पल्ल्याची दोन सिलिंडरची मोटारसायकल प्रार्थनाला. जानेवारीत ती अठराची होईल आणि ही गाडी ती दोन वर्षे मागते आहे. अपघातानंतर कालव्यातून काढली तेव्हा गाडी गाळाने भरलेली होती. दर रविवारी थोडी थोडी करत मी ती पुन्हा उभी केली. पेट्रोलचा पंप नवा घातला, इंजेक्टर धुतले, थ्रॉटल बॉडी साफ केली, दोन्ही सिलिंडरांना जाणारी हवा गेज लावून सारखी केली.

प्रार्थना, एवढे लक्षात ठेव. हवेचा फिल्टर वेळेवर बदल. गाडी झटके देऊ लागली की लगेच लॅपटॉप जोडून पेट्रोल वाढवू नकोस, आधी हवा कुठून शिरते आहे ते शोध. आणि सेन्सर खोटे बोलत असेल तर नवा येईपर्यंत गाडी उभी ठेव. त्याच्या जागी आपण दुसरे खोटे बसवू नये.

या गाडीची एक गोष्ट मला दुरुस्त करता आली नाही. ती बंद असते, किल्ली माझ्या खिशात असते, आणि तरी मला ती ऐकू येते. जेवताना, दाढी करताना, देवाला दिवा लावताना. मीच लावून दिलेल्या गतीवर संथ चालू असते. जो कान गेला आहे त्याच कानात.

कलम सहा. हे चंदनासाठी आहे. २०१६च्या सप्टेंबरात शरतची गाडी कोडगूच्या खडबडीत रस्त्यांवर चालता चालता बंद पडू लागली. या गाडीत काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. गाडी पडली की तो पेट्रोल तोडून इंजिन बंद करतो. शरतच्या गाडीतला आतून खिळखिळा झाला होता, साध्या खड्ड्यातही त्याला गाडी पडली असे वाटे. मी नवा मागवला. तो येईपर्यंत जुना काढून त्या वायरीत एक रेझिस्टर जोडून दिला. त्यानंतर काही झाले तरी गाडीला आपण सरळ उभ्या आहोत असेच वाटणार होते. शरतला मी हे सांगितले नाही. तो विचारतही नसे, बापाने केले म्हणजे नीटच केले असेल.

नवा सेन्सर नेमका खंडेनवमीच्या सकाळी आला. पाने पूजेला लागले होते, त्यांच्यावर हळदकुंकू पडले होते. काम वीस मिनिटांचे होते. मी सेन्सरलाही कुंकू लावून तलवारीशेजारी ठेवले. शरत आपापल्या मोटारसायकलींवर आलेल्या पर्यटकांना वाट दाखवत मडिकेरीला निघाला तेव्हा म्हणालो, "जाऊन ये, परवा बसवतो." पूजेतले हत्यार मी उचलले नाही, आणि माणूस तरीही गेला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमीला चंदनाने त्याला फोन केला, शमीची पाने द्यायच्या वेळेपर्यंत घरी ये म्हणून. तो एकटाच निघाला आणि वाटेत बैलकुप्प्याजवळ वळणावर खडीवरून घसरला. घाई नडली, असे सगळे म्हणाले. तू बोलावले नसतेस तर माझा मुलगा असता, असे भागीरथीबाईने चंदनाला चारचौघांत ऐकवले. मी तिथेच बसलो होतो आणि मला तेव्हा काही माहीत नव्हते.

तेराव्यानंतर बैलकुप्प्याहून एक वयस्क तिबेटी भिक्षू गॅरेजात आला. अपघाताच्या वेळी तो मठाच्या मक्याच्या शेतात होता. तो कन्नडमध्ये म्हणाला, "गाडी बिद्दित्तु, इंजिन आफ आगिरलिल्ल." गाडी पडली होती, इंजिन बंद झाले नव्हते. शरत शुद्धीवर होता. त्याचा पाय सामानाच्या पेटीखाली अडकला होता आणि तो हात वर करून बोलावत होता. गाडी गिअरमध्ये होती. ती आडवीच गोल फिरत, त्याला ओढत रस्त्याकडेच्या कालव्यात गेली. भिक्षू धावला, पण पोचला नाही. त्याला गाडीतले काही कळत नव्हते, बापाला मुलाचे शेवटचे कळावे म्हणून बिचारा आला होता. मला सगळे कळले. मी त्याला चहा पाजला, बसमध्ये बसवून दिले आणि घरी येऊन कोणाला काही बोललो नाही.

दर दसऱ्याला चंदना माझ्या हातावर शमीची पाने ठेवते आणि म्हणते, "अवत्तु मी फोन करायचंच नव्हतं, मामा." अवत्तु म्हणजे त्या दिवशी. मी पाने घेतो. आठ दसरे घेतली.

चंदना, तुझ्या फोनने तो निघाला, एवढेच. खडीवर घसरलेला माणूस गुडघे फोडून घरी येतो. तो आला नाही तो माझ्यामुळे. भागीरथीबाई मरेपर्यंत तुला बोल लावत राहिली आणि मी तिला थांबवले नाही. मला त्याची फार लाज वाटते.

कलम सात. काल खंडेनवमी होती. पूजा झाल्यावर मी तलवारीशेजारचा दहा नंबरचा पाना उचलला. नऊ वर्षांपूर्वीचे कुंकू लागलेला तो सेन्सर वायरीला जोडला आणि इंजिन सुरू केले. मग सेन्सर हातात धरून आडवा केला. एक सेकंद लागला आणि इंजिन बंद झाले. कानातले अजून चालू आहे.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, आणि मेलेल्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणून हे मी मेल्यावर उघडायचे नाही. आज दुपारी चंदना गॅरेजात शमीची पाने घेऊन येईल. तिने ते वाक्य म्हणायच्या आत मी हे तिच्या हातात देणार आहे. घर तिचेच राहील. प्रार्थनाला गाडी द्यायची का, आणि माझ्यामागे माझे काही करायचे का, हे ती ठरवील.

स्थळ: नजरबाद, म्हैसूर
विजयादशमी, दिनांक २ ऑक्टोबर २०२५

(सही) अंबाजीराव संताजीराव इंगळे

साक्षीदार, यांनी माझी सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही:
१. (सही) विजयेंद्र, औषधांचे दुकान, नजरबाद
२. (सही) तुंगा, निवृत्त शिक्षिका, बोगादी

(खाली पेन्सिलीने)
वाचलं. पानं टेबलावर ठेवलीत. प्रार्थनाला मी सांगते, तुम्ही नको.
चंदना